तीन हिरवे दिवे नेमके काय सांगतात? जुन्या छोट्या विमानांच्या दुमडणाऱ्या चाकांची तपासणी

एखादे छोटे विमान चाके न उघडताच धावपट्टीवर उतरले, पोटावर घसरत थांबले आणि वैमानिक सुखरूप बाहेर पडला, अशी चित्रफीत अधूनमधून पाहण्यात येते. तिच्यावरच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात. वैमानिक चाके खाली घ्यायला विसरला असणार, असे काही जण म्हणतात. विमानच जुने होते, दुसरे काय होणार, असे बाकीचे म्हणतात. विसरण्याचा प्रकार खरोखर घडतो, त्याबद्दल वाद नाही. परंतु वैमानिकाने वेळेवर कळ दाबली, मोटर फिरली आणि तरीही एक चाक अर्ध्यातच राहिले, किंवा पूर्ण उघडलेले चाक जमिनीला टेकताच दुमडले, असेही होते. अशा वेळी कारण शोधू गेल्यास बहुधा झिजलेले बुश (सांध्यात बसवलेली छोटी नळी), वाळून घट्ट झालेले ग्रीस, जागचा किंचित सरकलेला स्विच असे काहीतरी क्षुल्लक हाती लागते. विमानाचे वय हा त्यातला खरा मुद्दा नाही. मापे हळूहळू बदलत गेली आणि ती कोणी मोजली नाहीत, हा आहे.

हे कसे घडते आणि ते आधी कसे ओळखतात, हे समजून घेण्यासाठी प्रथम ही यंत्रणा उभी कशाच्या जोरावर राहते ते पाहावे लागेल. विमानाची चाके, त्यांचे पाय, धक्के शोषणारे भाग आणि त्यांना वरखाली करणारी जोडणी या सगळ्याला मिळून लँडिंग गिअर म्हणतात. पुढे सोयीसाठी त्याला नुसते 'गिअर' म्हटले आहे.

चाके दुमडायचीच कशाला?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती आठपट होते. त्यामुळे इंजिन अधिक मोठे करून मिळणारा वेग फार महाग पडतो. त्यापेक्षा हवेत लोंबणारे तीन पाय पोटात किंवा पंखांत घेतले तर त्याच इंजिनावर विमान अधिक वेगाने आणि कमी इंधनात जाते. डिसेंबर १९४५ मध्ये प्रथम उडालेले बीचक्राफ्ट बोनान्झा, १९५० च्या दशकातली मूनी एम-२०, पायपर कोमँची आणि सेस्ना २१० ही विमाने याच विचारातून घडली. त्यांतली पुष्कळ आजही उडतात.

या सोयीची किंमत म्हणजे शेकडो सुटे भाग. न दुमडणारा पाय हा मुख्यतः एक मजबूत दांडा असतो. दुमडणारा पाय ही बिजागऱ्या, दांडे, खटके, स्प्रिंगा आणि स्विच यांची साखळी असते.

भार पेलतो तो आकार

सर्वसाधारण समज असा, की मोटर किंवा तेलाचा दाब चाकांना खाली घट्ट धरून ठेवतो. बहुतेक विमानांत तसे नसते. आपण ताठ उभे राहतो तेव्हा गुडघा सरळ असतो आणि शरीराचे वजन हाडांमधून थेट जमिनीकडे जाते. मांडीच्या स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. गुडघा थोडासा वाकवून उभे राहून पाहिले, की मिनिटाभरात पाय थरथरू लागतात. गिअरला आधार देणारा आडवा दांडाही असाच मधोमध सांधा असलेला असतो. चाक पूर्ण खाली आले की तो सांधा सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जातो आणि एका अडथळ्याला टेकतो. आता चाकावर जितका भार येईल तितका तो सांधा त्या अडथळ्यावर अधिकच घट्ट दाबला जातो. या रचनेला 'ओव्हर-सेंटर' म्हणतात. मोटर बंद पडली, तेल गळून गेले, तरी विमान उभे राहते ते याच रचनेमुळे.

मात्र हे 'किंचित पलीकडे' खरोखरच किंचित असते, काही मिलिमीटरांत मोजण्याजोगे. सांधा रेषेच्या अलीकडेच राहिला तर तोच भार त्याला उलट्या दिशेने ढकलतो आणि पाय दुमडतो. म्हणून जुन्या विमानाच्या गिअरची सारी देखभाल या छोट्या अंतराची राखण करण्यासाठी असते, असे म्हटले तरी चालेल. ग्रीस, बुश, स्प्रिंगा आणि स्विच यांची एवढी उठाठेव कशासाठी, हे या एका गोष्टीवरून लक्षात येते.

अपवादही आहेत. सुरुवातीच्या मूनी विमानांत वैमानिक एक लांब दांडा हाताने ओढून चाके वरखाली करतो, आणि तो दांडा समोरच्या खोबणीत अडकला म्हणजे चाके कुलूपबंद झाली. तिथे खोबणीची झीज म्हणजे कुलपाचीच झीज. पायपर अॅरोमध्ये चाके वर धरून ठेवण्याचे काम मात्र खरोखर तेलाचा दाबच करतो. दाब गेला की ती आपल्या वजनाने खाली येतात, आणि बिघाडाच्या वेळी नेमके तेच हवे असते.

एक मोटर, तीन चाके, अनेक सांधे

बोनान्झात एकच विजेची मोटर आणि एकच गिअरबॉक्स दांड्यांमार्फत तिन्ही चाके हलवतात. मोटरपासून चाकापर्यंत जितके सांधे, तितक्या ठिकाणी झीज. कारागीर ज्याला 'प्ले' म्हणतात ती ढिलाई एकेका सांध्यात नजरेत भरत नाही. पण समजा दहा सांधे आहेत आणि प्रत्येकात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी ढिलाई आहे, तर शेवटच्या टोकाला जवळपास एक मिलिमीटर गहाळ झालेला असतो. बिजागऱ्या झिजून दार उतरते तेव्हा कडी कोयंड्यात बसेनाशी होते. त्या वेळी कडी बदलून उपयोग नसतो, कारण दोष कडीत नसतोच.

नेमकी हीच चूक गिअरच्या बाबतीत होते. वैमानिकासमोर प्रत्येक चाकासाठी एक हिरवा दिवा असतो, चाक खाली कुलूपबंद झाले की तो लागावा अशी अपेक्षा असते. त्यांतला एक दिवा लागत नाही म्हणून त्या चाकाचा दांडा दोन आटे फिरवून लांब केला जातो, दिवा लागतो आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात तिन्ही चाके एकाच मोटरला बांधलेली असल्याने एकाचे माप बदलले की उरलेल्या दोघांचा ताळमेळ बिघडू शकतो, आणि झिजलेले बुश आत तसेच राहते. सगळ्या मापांची एकत्रित जुळणी करण्याच्या कामाला 'रिगिंग' म्हणतात. ते उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच, आणि झिजलेले भाग बदलल्यानंतरच करायचे असते. झिजलेल्या भागांवर केलेले रिगिंग म्हणजे चुकीच्या फूटपट्टीने काटेकोरपणे मोजणे होय.

विमान जॅकवर चढते तेव्हा

गिअरची खरी परीक्षा विमान अधांतरी उचलून होते. बंद हँगरमध्ये, वारा नसताना, उत्पादकाने नेमून दिलेल्या बिंदूंखालीच जॅक लावतात. पुढचे चाक उचलण्यासाठी अनेक विमानांत शेपटीला वजन बांधावे लागते. वीज जोडण्याआधी गिअरची कळ कोणत्या स्थितीत आहे ते पाहणे ही साधी, पण जिवावर बेतू शकणारी गोष्ट आहे. कोणाचा तरी धक्का लागून कळ 'वर'कडे गेली असेल, तर वीज जोडताच पाय दुमडू लागतात आणि त्या वेळी कोणाचा हात सांध्यात असू शकतो.

वीज कोठून घ्यायची हाही बारकावा आहे. उडताना इंजिनावरचा अल्टरनेटर १२ व्होल्टच्या बॅटरीच्या विमानाला साधारण १४ व्होल्ट पुरवतो. नुसत्या बॅटरीवर चाचणी घेतली तर मोटर मंद फिरते. चाक टोकाला पोहोचत आले की एक स्विच मोटरची वीज तोडतो, पण पंखा बंद केल्यावर पाती जशी थोडा वेळ फिरत राहतात तशी मोटरही थोडी पुढे जाते, आणि ते 'थोडे' तिच्या वेगावर अवलंबून असते. त्यामुळे मंद मोटरवर जुळवलेले माप उडताना चुकीचे ठरते. स्विच उशिरा वीज तोडत असेल तर यंत्रणा गिअरबॉक्समधल्या अखेरच्या अडथळ्यावर आदळत राहते आणि दाते खराब होतात. फार लवकर तोडत असेल तर सांधा रेषेपलीकडे जाण्याआधीच थांबतो. म्हणून योग्य दाबाची बाहेरची वीज जोडूनच ही चाचणी घ्यावी लागते.

रिगिंग करताना अनेक विमानांत चाकांवरची झाकणे आधी सोडवून ठेवतात, म्हणजे चूक झालीच तर पत्रा वाकत नाही. मग चाके वरखाली केली जातात, पुन्हा पुन्हा. अनुभवी मेकॅनिक या वेळी डोळ्यांइतकाच कानांचा उपयोग करतो. मोटरचा आवाज मध्येच दबतो का, शेवटी ठोका ऐकू येतो का, तिन्ही चाके जवळपास एकाच वेळी पोहोचतात का, या गोष्टींकडे त्याचे लक्ष असते. चाक वर गेल्यावर टायर आणि खोबणी यांच्यात अंतर उरते की नाही, हेही पाहावे लागते. नवा टायर जुन्यापेक्षा किंचित जाड निघाला, तर तो आत अडकून बसू शकतो.

यासोबत दोन आकडे लिहून ठेवणे मला सर्वांत मोलाचे वाटते: चाके वर जायला आणि खाली यायला लागलेला वेळ, आणि त्या वेळी मोटरने घेतलेला विजेचा प्रवाह. मागच्या वर्षीपेक्षा वेळ वाढला, प्रवाह वाढला, तर यंत्रणेत कुठेतरी घर्षण वाढले आहे. ते कुठे, हे कळण्यापूर्वीच, ते आहे हे कळते.

हात, आरसा आणि रंगीत द्रव

चाके हवेत असतानाच प्रत्येक सांधा हाताने हलवून ढिलाई पाहतात. त्याआधी स्वच्छता करावी लागते, आणि हे काम सर्वांत कंटाळवाणे असल्याने तेच टाळले जाते. जुन्या ग्रीसमध्ये धूळ मिसळली की त्याचा वंगण म्हणून उपयोग संपतो आणि ते घासकागदासारखे काम करू लागते. त्यावर नवे ग्रीस चोपडल्याने घाण झाकली जाते, इतकेच. ग्रीस आत शिरून जुने बाहेर पडेपर्यंत भरायचे आणि बाहेर आलेले पुसून काढायचे, ही योग्य पद्धत. बोनान्झात चाक वर अडकवून ठेवणाऱ्या खटक्याचे रोलर या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत. ते कोरडे पडून घट्ट झाले तर चाक सुटताना अडते आणि त्याला ओढणारे दांडे वाकू शकतात.

धातूला गेलेला बारीक तडा मात्र हाताला लागत नाही. अॅल्युमिनियमच्या भागावरचा रंग काढून तो स्वच्छ करतात, त्यावर रंगीत भेदक द्रव लावतात, थोड्या वेळाने पुसतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. तड्यात शिरलेला द्रव भुकटीत झिरपून रेघ उमटवतो. पोलादी भागांसाठी ते चुंबकित करून लोहकणांनी तडा दाखवणारी पद्धत आहे. सुरुवातीच्या सेस्ना २१० मध्ये मुख्य पाय ज्या भागात बसवलेले असतात, त्या सॅडलना तडे जाण्याचा इतिहास आहे. अशा ठिकाणी 'दिसायला चांगले आहे' या शेऱ्याला काही अर्थ नसतो.

उच्च ताकदीच्या पोलादी भागाला गंजापासून वाचवण्यासाठी मुलामा देताना हायड्रोजन धातूत शिरतो आणि धातू ठिसूळ होतो. तो काढण्यासाठी भाग मुलाम्यानंतर ठरावीक वेळ भट्टीत तापवावा लागतो. हौसेने चकचकीत करून आणलेला जुना बोल्ट म्हणूनच शंकास्पद ठरतो.

तेल, रबर आणि काळ

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेत पहिला प्रश्न असतो तो तेल कोणते हा. छोट्या विमानांत साधारणतः खनिज तेलावर आधारित लाल रंगाचे हायड्रॉलिक तेल वापरतात, आणि आतले सील त्याला मानवणाऱ्या रबराचे असतात. फार जुन्या काही यंत्रणांत वनस्पतिजन्य तेल आणि नैसर्गिक रबर असे. मोठ्या जेट विमानांतले जांभळे तेल पूर्णतः वेगळ्या रसायनाचे असते. चुकीचे तेल भरले तर सील फुगतात किंवा विरघळू लागतात, आणि मग तेल बदलून भागत नाही. सगळे सील बदलावे लागतात.

धक्के शोषणाऱ्या पायाला स्ट्रट म्हणतात. अनेक विमानांत त्याच्या आत तेल आणि दाबाखालील हवा किंवा नायट्रोजन असतो. तो खचलेला दिसला की लगेच हवा भरण्याचा मोह होतो, पण कमतरता तेलाची असेल तर नुसती हवा भरल्याने उंची बरोबर दिसते आणि धक्का मात्र शोषला जात नाही. स्ट्रटचा चकचकीत भाग हायड्रॉलिक तेलात भिजवलेल्या फडक्याने पुसण्याची सवय स्वस्त आणि फार उपयोगी आहे, कारण त्यावरची धूळच वरखाली होताना सील कापते. स्ट्रट उघडण्यापूर्वी आतला दाब पूर्ण सोडणे अनिवार्य आहे. दाब असताना उघडलेला स्ट्रट गोळीसारखा सुटतो.

मूनीमध्ये स्ट्रटऐवजी रबराच्या चकत्यांची चळत असते. रबर उडाणांनी जितके थकते त्याहून अधिक काळाने थकते. वर्षभर उभ्या राहिलेल्या विमानाचे सगळे वजन चकत्यांवरच असते. त्या कडक आणि चपट्या झाल्या की उतरतानाचा धक्का थेट सांगाड्यात जातो. कोमँचीत चाके हलवायला मदत करणाऱ्या रबरी दोऱ्यांची गोष्टही तीच. त्या ठरल्या मुदतीनंतर बदलायच्या, मग विमान किती का कमी उडालेले असेना.

'तीन हिरवे दिवे लागले, मग आणखी काय हवे?'

हा सर्वांत रास्त आक्षेप आहे. हिरवा दिवा लागतो तो एक छोटा स्विच दाबला गेल्यामुळे. म्हणजे दिवा चाकाबद्दल थेट काही सांगत नाही. स्विच दाबला गेला, एवढेच सांगतो. स्विचची पट्टी वाकली असेल किंवा तो जागचा सरकला असेल, तर सांधा रेषेपलीकडे न जाताही दिवा लागू शकतो. म्हणून जॅकवर असताना दिवा लागल्यानंतर थांबायचे नसते. सांधा खरोखर अडथळ्याला टेकला का आणि त्यावर पुस्तिकेत सांगितलेला ताण आहे का, हे मोजायचे असते. मूनीसाठी त्याकरिता खास हत्यार मिळते. विजेवर चालणाऱ्या मूनीत वैमानिकाच्या जवळ जमिनीवर एक छोटी खिडकीही असते. तिच्यातल्या खुणा प्रत्यक्ष यंत्रणेच्या हालचालीने जुळतात, म्हणून दिव्यापेक्षा त्यांची साक्ष अधिक भरवशाची.

असाच दुसरा स्विच, ज्याला स्क्वॉट स्विच म्हणतात, विमान जमिनीवर असताना चाके वर जाऊ नयेत म्हणून असतो. स्ट्रट दबलेला आहे म्हणजे विमान जमिनीवर आहे, असे तो मानतो. पण स्ट्रट गरजेपेक्षा जास्त फुगवलेला असेल, किंवा धावताना पंखांवर अजून उचल असेल, तर स्ट्रट लांबलेलाच राहतो आणि स्विचला विमान हवेत असल्याचे वाटते. जुन्या बोनान्झांत गिअर आणि फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या पट्ट्या) यांच्या कळांच्या जागा इतर अनेक विमानांच्या उलट आहेत. उतरल्यानंतर फ्लॅप वर घेण्याच्या बेतात गिअरची कळ ओढली गेल्याच्या घटना त्यामुळेच घडल्या आहेत. तेव्हा स्क्वॉट स्विचची तपासणी करावीच, पण त्या स्विचच्या भरवशावर राहू नये.

'आजवर कधी अडले नाही' आणि 'आणीबाणीची सोय आहेच'

मोटर आपली ताकद वाढवून घर्षणाला झाकत असते, म्हणूनच अडत नाही. ज्या दिवशी मोटर थकते, त्या दिवशी आणीबाणीची सोय वापरायची वेळ येते, आणि ती सोय त्याच घट्ट झालेल्या सांध्यांतून चालायची असते. बोनान्झात मोटर बंद पडली तर सर्किट ब्रेकर ओढून, आसनामागची मूठ सुमारे ५० वेळा फिरवून चाके खाली आणता येतात. ही मूठ चाके खाली घेण्यासाठीच आहे, आणि ती जोडलेली असताना मोटर चालवली तर ती वेगाने फिरून हात मोडू शकते. जॅकवरच्या प्रत्येक तपासणीत ही पद्धतही शेवटपर्यंत करून पाहिली पाहिजे. हाताने फिरवताना कुठे जड जाते ते मोटरच्या आवाजापेक्षा स्पष्ट कळते, हा तिचा आणखी एक फायदा.

पोटावर उतरल्याने सहसा जीव जात नाही, हे खरे. परंतु इंजिनाच्या पंख्याची (प्रोपेलरची) पाती फिरत असताना जमिनीला लागली तर इंजिन उघडून तपासावे लागते, आणि जुन्या विमानाच्या बाबतीत तो खर्च विमानाच्या किमतीच्या वर जाऊन ते मोडीत निघू शकते.

'मग चाके कायमची खाली बांधूनच का ठेवू नयेत?' असाही प्रश्न येतो. तसे करणे म्हणजे मंजूर रचना बदलणे, आणि त्यासाठी स्वतंत्र मंजुरी लागते. शिवाय हे पाय बाजूचा आणि मागचा भार त्या दुमडणाऱ्या आधारांमार्फतच पेलतात. त्यांची झीज बांधून ठेवल्याने नाहीशी होत नाही.

मालकाने काय करावे, मेकॅनिकने काय

अमेरिकी नियमांत वार्षिक आणि १०० तासांच्या तपासणीची यादी 'पार्ट ४३'च्या परिशिष्ट 'डी'मध्ये आहे. गिअरच्या दुमडण्याच्या आणि कुलूपबंदीच्या यंत्रणेबद्दल ती अगदी थोडक्यात सांगते: ती बरोबर चालते का पाहा. बाकीचा तपशील उत्पादकाच्या पुस्तिकेत आणि त्या प्रकारासाठी निघालेल्या सक्तीच्या निर्देशांत सापडतो. त्याच नियमांनुसार, वैमानिक असलेला मालक काही सुटसुटीत कामे स्वतः करू शकतो. टायर बदलणे, स्ट्रटमध्ये तेल किंवा हवा भरणे, भाग न उघडता वंगण देणे, गिअरच्या धक्के शोषणाऱ्या रबरी दोऱ्या बदलणे ही त्यांपैकी. रिगिंग त्यात येत नाही.

सुटे भाग मिळेनासे होतात, ही जुन्या विमानाची खरी अडचण. एखादे बुश नवे करून घेता येते, पण त्यासाठी मूळ आराखडा किंवा मापे, योग्य धातू आणि त्याची नोंद लागते. तराशणाऱ्याचे कसब यातले एकही कमी करत नाही.

सगळी जुळणी झाल्यावर विमान जॅकवरून खाली येते, तरी काम थोडे उरते, कारण हँगरमध्ये चाकांवर वाऱ्याचा दाब नसतो. पुढच्या दिशेने उघडणाऱ्या चाकाला हवेत समोरून येणाऱ्या झोताविरुद्ध ढकलत जावे लागते. म्हणून पहिले उड्डाण दिवसा, स्वच्छ हवेत आणि धावपट्टीजवळच करतात. पुस्तिकेतल्या वेगमर्यादेत चाके तीन-चार वेळा वरखाली करून वेळ मोजतात आणि तो आकडा जॅकवरच्या आकड्याशेजारी लिहितात. पुढच्या वर्षी मेकॅनिक वही उघडेल तेव्हा तो प्रथम हेच दोन आकडे पाहील.